कुलाब्याहून कुलाब्याकडे

मुंबईत विजेची ट्राम आली आणि तिने कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला अलिबागला हुसकावले, अशी ही हकिकत एका वाक्यात सांगून संपवण्याचा प्रघात आहे. वाक्य खोटे नाही. १९०० साली घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या आणायचे घाटू लागले, १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, १९०६ साली कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबवण्यात आली आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. पण या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. नवी वेधशाळा १९०४ ची, आणि जुनी बंद झाली १९०६ मध्ये. म्हणजे मधली दोन वर्षे तेच काम, त्याच वेळी, दोन ठिकाणी चालले होते. खात्याच्या जमाखर्चात हा दुहेरी खर्चच दिसणार. मला मात्र साऱ्या प्रकरणाचा कणा या दोन वर्षांतच दिसतो, आणि ट्रामपुढे विज्ञानाला माघार घ्यावी लागली असे मानणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी तीच निसटतात.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली ती जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून. चुंबकाचे मोजमाप तिथे पंधरा वर्षांनी आले. त्या सुमारास गौस आणि वेबर या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी गटिंगेनहून एक जाळे विणायला घेतले होते. देशोदेशीच्या वेधशाळांनी ठरलेल्या दिवशी, गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, एकाच क्षणी आपापली चुंबकसूची पाहायची, अशी ती कल्पना. ब्रिटिशांनी ती उचलून धरली आणि कंपनीच्या मुलखात सिमला, मद्रास, सिंगापूर, मुंबई ही ठाणी ठरली. मुंबईचे काम एल्फिन्स्टनमधले खगोलशास्त्राचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे आले. १८४१ मध्ये वाचने सुरू झाली, ती अखंड झाली १८४६ पासून. सिमला आणि सिंगापूरची ठाणी थोड्याच वर्षांत मिटली. त्रावणकोरच्या महाराजांच्या आश्रयाने चाललेल्या त्रिवेंद्रमच्या वेधशाळेने उत्तम काम केले, पण तेही खंडित झाले. कुलाबा तेवढे टिकले.

ऑर्लेबारांच्या सहायकांत एक मराठी मुलगा होता. केरो लक्ष्मण छत्रे, पुढे सगळ्या महाराष्ट्राचे केरूनाना, टिळकांना गणित शिकवणारे, 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरूनाना विशी गाठण्याआधीच कुलाब्याच्या वेधशाळेत लागले. तिथले काम कसे चाले, ते डोळ्यांसमोर आणले पाहिजे. अंधाऱ्या खोलीत रेशमाच्या धाग्यांना आडवा टांगलेला पोलादी चुंबक. चुंबकाला चिकटवलेला छोटा आरसा. समोर काही अंतरावर खांबावर बसवलेली दुर्बीण आणि तिच्याजवळ रेषा आखलेली पट्टी. दुर्बिणीतून आरशात पाहिले की पट्टीचे प्रतिबिंब दिसते, आणि चुंबक केसभर वळला तरी पट्टीवरचा आकडा सरकतो. आत जाणाऱ्याने किल्ल्या, चाकू, लोखंडाचे जे काही अंगावर असेल ते बाहेर ठेवायचे. डोळा दुर्बिणीला लावायचा, चुंबक डोलत असेल तर त्याच्या दोन्ही टोकांचे आकडे घेऊन मधला काढायचा, वहीत लिहायचा आणि तासाभराने पुन्हा यायचे. रात्रीसुद्धा, पावसाळ्यातसुद्धा, दंगलीच्या आणि साथीच्या दिवसांतसुद्धा.

एवढ्या नाजूक मोजणीत यंत्राचा प्रत्येक पदार्थ आपापल्या स्वभावाने आड येतो किंवा कामी पडतो. पोलाद चुंबकत्व धरून ठेवते म्हणून चुंबक पोलादाचा. पण उकाडा वाढला की त्याची ताकद किंचित उतरते, आणि मुंबईच्या मे महिन्यात हा किंचितपणाच मोजायच्या बदलाएवढा होऊ शकतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तापमान लिहावे लागे. रेशीम पीळ फारसा अडवत नाही म्हणून टांगायला रेशीम. तांब्याला चुंबक ओढत नाही, पण चुंबक त्याच्याजवळ हलला की तांब्यात विजेचे भोवरे उठतात आणि त्या हालचालीला विरोध करतात. म्हणून अशा यंत्रांत डोलणारा चुंबक लवकर स्थिर करायला भोवती तांबे ठेवण्याची युक्ती गौसच्या काळापासून रूढ होती. १८६५ नंतर कुलाब्याची धुरा वाहणारे चार्ल्स चेंबर्स अशा दुरुस्त्यांच्या हिशेबात वर्षानुवर्षे बुडालेले होते. सध्याच्या एककात सांगायचे तर मुंबईत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक साधारण ३७,००० ते ३८,००० नॅनोटेस्ला असतो, आणि सूर्य वर आला की तो रोज चाळीस-पन्नास नॅनोटेस्लाने वर-खाली होतो. हजारात एक-सव्वा भाग. कुलाब्याचा चुंबक टिपत होता तो हा एक-सव्वा भाग.

या चिकाटीचे मोल काय, ते १८५९ च्या सप्टेंबरात कळायला हवे होते. कळायला दीड शतक जवळ आले. १ सप्टेंबरच्या सकाळी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यावरच्या डागांजवळ पांढऱ्या प्रकाशाचा लखलखाट दिसला. साडेसतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकी वादळ आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे कोलमडली, उष्ण कटिबंधाच्या जवळपर्यंत आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. क्यू आणि ग्रिनिच इथल्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होत होती, पण चुंबक इतका फिरला की प्रकाशाचा ठिपकाच कागदाबाहेर गेला. कुलाब्यात फोटोची सोय अजून आलेली नव्हती. तिथे डब्लिनच्या टॉमस ग्रबने बनवलेला चुंबकमापी होता आणि दुर्बिणीला डोळा लावणारी माणसे होती. वादळ दिसताच त्यांनी तासाचा नियम सोडून मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली. २ सप्टेंबरला दुपार होण्याच्या सुमारास आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेला आणि थोड्या वेळात बराचसा सावरला. वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख फर्ग्युसन यांनी ते आकडे छापले आणि ते कपाटात गेले. २००३ साली ब्रूस सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या लाखिना आणि अलेक्स यांच्यासह ते बाहेर काढून अभ्यासले, तेव्हा उघड झाले की त्या महावादळाचा कमी अक्षांशावरचा असा तपशीलवार आलेख जगात कुलाब्याखेरीज जवळजवळ कुठेच नाही. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज ज्या वादळाने नऊ तास घालवली, त्याची जागतिक सरासरी घसरण ५८९ नॅनोटेस्ला होती. आज विजेचे जाळे किंवा उपग्रह यांनी कमाल किती मोठे वादळ गृहीत धरावे, याचा विचार करणाऱ्या अभियंत्यांना कुलाब्याच्या त्या वहीकडे यावे लागते.

या आकड्यावर आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. एवढी खोल आणि इतकी लवकर सावरलेली घसरण सगळ्या पृथ्वीभोवतीच्या प्रवाहवलयाची असू शकत नाही, मुंबईच्या माथ्यावरून त्या वेळी वाहिलेल्या एखाद्या स्थानिक प्रवाहाचा तीत मोठा वाटा असावा, असे काही अभ्यासक मानतात. तासाची सरासरी घेतली तर आकडा बराच लहान होतो, हेही खरे. पण हा वाद घालता येतो तोच मुळी मिनिटांच्या अंतराची वाचने हाताशी आहेत म्हणून. क्यूच्या कागदाबाहेर गेलेल्या ठिपक्याबद्दल असा वाद कोणी घालू शकत नाही.

आता ट्रामकडे. मुंबईची पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली ती कुलाब्याहून पायधुणीकडे, घोड्यांनी ओढलेली. घोडा चुंबकाला त्रास देत नाही. गाडीचे लोखंड देते, पण ते थोड्या अंतरावर गेले की त्याचा प्रभाव झपाट्याने विरतो. विजेच्या ट्रामची गोष्ट मुळातच वेगळी होती. तिचा एकदिश प्रवाह डोक्यावरच्या तारेने गाडीत येई आणि रुळांवाटे वीजघराकडे परते. तारेतला जाणारा आणि रुळातला येणारा प्रवाह सारखे आणि जवळजवळ असते, तर त्यांची चुंबकक्षेत्रे दुरून एकमेकांना पुसून टाकती. पण रूळ जमिनीवर पडलेले असतात, जमीन ओली असते, आणि कुलाबा तर तिन्ही बाजूंनी समुद्र असलेले. खारे पाणी विजेला चांगली वाट देते. परतणाऱ्या प्रवाहातला एक भाग रूळ सोडून जमिनीत आणि नळांत शिरतो आणि मनाला येईल तशी वाट धरतो. साधा हिशेब करून पाहावा. १०० अँपिअरचा, जोडीला परतीचा प्रवाह नसलेला लांब प्रवाह एक किलोमीटरवर सुमारे २० नॅनोटेस्लाचे क्षेत्र निर्माण करतो. रोजच्या सौर बदलाचा हा जवळजवळ निम्मा भाग झाला. तोही स्थिर नसणार; गाडी थांबली, निघाली, चढाला लागली की बदलणार. कुलाब्याच्या चुंबकाने सूर्याऐवजी ट्रामचे वेळापत्रक लिहायला घेतले असते.

मग ट्राम थांबवायची का? असे म्हणणाऱ्याला मी साथ देणार नाही. लाखो माणसांच्या शहराला स्वस्त वाहन हवे होते, आणि एका मोजणीसाठी ते नाकारणे अन्यायाचे झाले असते. दुसरा मार्ग सुचतो तो असा, की ट्राम रात्री बंद झाल्यावर वाचने घ्यावीत, किंवा ट्रामचा परिणाम हिशेबाने वजा करावा. पण रोजचा बदल घडतो तोच सूर्य माथ्यावर असताना, आणि वादळे रात्रीची वाट पाहत नाहीत. वजाबाकी करायची तर प्रत्येक क्षणी कोणत्या रुळातून किती प्रवाह जमिनीत झिरपला हे कळायला हवे, जे कळण्याचा उपाय तेव्हा नव्हता. हा पेच मुंबईपुरताही नव्हता. टोरांटोच्या वेधशाळेने याच कारणाने १८९८ मध्ये आपले चुंबक शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला नेले होते. लंडनजवळच्या क्यूला पुढे १९०८ मध्ये स्कॉटलंडातल्या एस्कडेलम्यूरची वाट धरावी लागली. जगातल्या जुन्या चुंबकीय वेधशाळा शहरांच्या कडेला वसल्या होत्या आणि विजेने शहरे पसरत चालली होती. निघायचे तर होतेच. कसे निघायचे, हा प्रश्न उरत होता.

त्या वेळी कुलाब्याचे संचालक होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस, त्या जागेवर आलेले पहिले भारतीय. जन्म १८५९ चा, म्हणजे त्या महावादळाच्याच वर्षीचा. एडिंबरोची पदवी घेऊन आल्यावर त्यांनी एल्फिन्स्टनमध्ये पदार्थविज्ञान शिकवले होते आणि १८९६ मध्ये चेंबर्स यांच्यानंतर वेधशाळा हाती घेतली होती. नव्या जागेसाठी त्यांना तीन गोष्टी जुळवायच्या होत्या. जागा ट्रामपासून इतकी दूर हवी की तिचा प्रवाह पोहोचू नये. शंभर अँपिअरचा तोच प्रवाह तीस किलोमीटरवर एका नॅनोटेस्लाच्या आत येतो. ती कुलाब्याच्या इतकी जवळ हवी की अक्षांश फारसा बदलू नये आणि सूर्याचा व वादळांचा परिणाम दोन्हीकडे एकाच मापाचा राहावा. आणि जमीन शांत हवी. समुद्रापलीकडचे अलिबाग पहिल्या दोन अटींत चपखल बसले. मुंबईहून अंतर सुमारे तीस किलोमीटर, अक्षांशात फरक अंशाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. गाव कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते, आणि समोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा होता. मुंबईच्या कुलाब्याचे चुंबक दुसऱ्या कुलाब्यात आले, आणि केरूनाना ज्या किनाऱ्यावरून गेले होते त्याच किनाऱ्यावर ते उतरले.

तिसऱ्या अटीत सह्याद्री आडवा येत होता. महाराष्ट्रात घर बांधायचे तर हाताशी येतो तो काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइटच्या जातीचे लोहखनिज बारीक कणांनी पसरलेले असते. लाव्हा थंड होताना ते कण सुमारे ५८० अंश सेल्सिअसखाली येतात, तेव्हा त्या वेळचे पृथ्वीचे चुंबकत्व आपल्यात कायमचे गोठवून घेतात. भूशास्त्राला या गुणाचे फार मोठे देणे आहे. १९५० च्या दशकात दख्खनच्या खडकांतले हे गोठलेले चुंबकत्व मोजले गेले, तेव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, याचा भक्कम पुरावा मिळाला. पण वेधशाळेच्या भिंतीत असा एकेक दगड म्हणजे एकेक दुबळा चुंबक. म्हणून अलिबागच्या इमारतीला पोरबंदरचा दगड आणला. तो मुख्यतः चुन्याचा, सागरी शिंपल्यांच्या चुऱ्यातून बनलेला. लोह जवळजवळ नाही. तोही डोळे झाकून वापरला नाही, चुंबकी दोष पारखून मगच लावला. अशा पारखीची रीत साधी असते. हलक्या टांगलेल्या सूचीजवळ दगड आणायचा, फिरवायचा, आणि सूची जागची हलते का ते पाहायचे. बांधकामात लोखंड वर्ज्य. नोंदणीची यंत्रे आतल्या दालनात ठेवली, म्हणजे बाहेरच्या ऊन-पावसाचा चढउतार त्यांच्यापर्यंत जाऊ नये. मूळ मूल्ये मोजण्यासाठी वेगळी इमारत केली. एखादा वास्तुकार या घराकडे पाहून काही विशेष म्हणणार नाही. चुंबकाच्या नजरेने पाहिले, तर ते जवळजवळ नाहीच असे बांधलेले घर आहे.

इथेच काम थांबवून १९०४ मध्ये कुलाब्याला कुलूप लावले असते तर? इमारत निर्दोष, यंत्रे नवी, जागा शांत. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावरच भागवले जाते. पण मग साठ वर्षांची कुलाब्याची मालिका आणि नवी अलिबागची मालिका यांच्यात एक खाच राहिली असती. दोन गावांत जमिनीखालचा खडक वेगळा, म्हणून मूळ मूल्यातच फरक. पृथ्वीचे चुंबकत्व वर्षावर्षाला सावकाश सरकते. खाचेच्या पलीकडे आकडा बदललेला दिसला तर तो पृथ्वीने बदलला की गावाने, हे सांगणार कोण? दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी वाचने घेतल्यामुळे हा फरक हातात आला आणि जुनी मालिका नवीला सांधता आली.

चोखंदळ वाचक इथे विचारील की १८५९ च्या घसरणीला या सांध्याची गरज काय? घसरण तर त्या आधीच्या शांत दिवसाच्या तुलनेत मोजली जाते; गावाचा कायमचा फरक वजाबाकीत आपोआप उडतो. आक्षेप रास्त आहे, पण अर्ध्यापर्यंतच. वादळात बदलते क्षेत्र समुद्राच्या पाण्यात आणि जमिनीत स्वतःचे प्रवाह उठवते, आणि ते प्रवाह पुन्हा चुंबकाला ढकलतात. मुंबई बेटाभोवतीचे पाणी आणि अलिबागचा सरळ किनारा यांची वीज वाहण्याची तऱ्हा एक नाही. हा फरक विशेषतः उभ्या घटकात उमटतो. म्हणजे शांत दिवशी दोन गावे कशी आहेत हे पुरे पडत नाही, खवळल्यावर कशी वागतात तेही पाहावे लागते, आणि ते पाहायचे तर दोन्ही डोळे एकाच वेळी उघडे हवेत. कुलाब्याच्या जुन्या वादळांशेजारी अलिबागची नवी वादळे ठेवण्याचा अधिकार या दोन वर्षांनी मिळवून दिला.

मूस यांनी तो सांधा जुळवून हात झटकले नाहीत. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाबा-नोंदींचा त्यांनी दोन भागांत मांडलेला अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक कल्पना आहे, ज्यासाठी त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात असायला हवे. वादळे दिवसाच्या कोणत्याही तासाला सुरू होतात. घड्याळाप्रमाणे त्यांची सरासरी काढली तर सगळे एकमेकांत मिसळून पुसून जाते. मूस यांनी प्रत्येक वादळ त्याच्या आरंभक्षणापासून मोजले, पहिला तास, दुसरा तास, असे, आणि मग सगळी एकावर एक ठेवली. तसे करताच वादळाचा स्वभाव दिसू लागला. आडवा घटक आधी थोडा चढतो, मग खोल उतरतो, मग दिवसेंदिवस सावकाश भरून येतो. सिडनी चॅपमन यांनी पुढे हाच धागा पकडला, आणि आज वादळाची तीव्रता ज्या निर्देशांकाने सांगतात तो याच 'वादळवेळे'च्या कल्पनेवर उभा आहे. असे काम पाच-दहा वर्षांच्या नोंदींवर होत नाही. सूर्याच्या डागांचे एक चक्रच सुमारे अकरा वर्षांचे. मूस यांच्यापुढे अशी पाच चक्रे होती.

कोणी म्हणेल, हे सगळे साम्राज्याच्या गरजेपोटी झाले; जहाजांना होकायंत्राची दुरुस्ती हवी होती, म्हणून वेधशाळा. सुरुवातीपुरते ते मान्य करावे. पण होकायंत्राच्या दुरुस्तीला तासातासाची वाचने लागत नाहीत, दोन वर्षांची जोड-मोजणी तर मुळीच लागत नाही. ती गरज मूस यांना वाटत होती, आणि त्यांच्या हाताखाली रात्रपाळी करणाऱ्या, ज्यांची नावे छापील खंडांत शोधूनही क्वचित सापडतात अशा निरीक्षकांच्या अंगमेहनतीवर ती पुरी झाली.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धावली, तीही एकदिश प्रवाहावर, १,५०० व्होल्टची. ट्राम टळली असती तरी कुलाब्याचा चुंबक त्या दिवसानंतर वाचला नसता. १९७१ मध्ये कुलाबा-अलिबागच्या या वारशातून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली. पोरबंदरच्या दगडाच्या त्या घराभोवती त्याही रात्री लोखंड न्यायला मनाई होती, आणि अलिबागची नोंद चालू होती.